महाडच्या मांडवाची राखण: कॉम्रेड आर. बी. मोरे कोण होते?

१९ मार्च १९२७ रोजी महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा मांडवात पिण्याचं पाणी होतं, पण ते विकत घेतलेलं होतं. चाळीस रुपयांचं. गावात भलंमोठं तळं होतं, विहिरी होत्या, पण परिषदेला आलेल्या हजारो माणसांपैकी एकालाही त्या पाण्याला हात लावायची सोय नव्हती. म्हणून सवर्णांकडून पाणी भरून घ्यावं लागलं.

दुसऱ्या दिवशी काय झालं, ते मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याची पायरी उतरले, ओंजळभर पाणी प्यायले आणि त्यांच्यामागोमाग सगळे प्यायले. त्यानंतर काही तासांत परिषदेच्या मांडवावर लाठ्या घेऊन जमाव चालून आला, हेही बहुतेकांनी वाचलेलं असतं.

कमी बोललं जातं ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. इतकी माणसं कुठून आली, कुठे उतरली, काय जेवली, मार बसल्यावर कुठे गेली आणि नऊ महिन्यांनी तीच माणसं दुपटी-तिपटीने त्याच गावात परत कशी आली? या प्रश्नांची उत्तरं शोधायला गेलं की एक नाव सारखं पुढे येतं. रामचंद्र बाबाजी मोरे. त्या वेळी त्यांचं वय होतं २४ वर्षं.

गावाची राखण करणारे

मोरे यांचा जन्म १ मार्च १९०३ रोजी महाड तालुक्यातल्या लाडवली गावी झाला. त्यांचं घराणं दासगावचं. महाडपासून आठेक किलोमीटरवर, सावित्रीच्या काठावरचं हे बंदर. मुंबईची बोट बाणकोटच्या खाडीतून आत येऊन तिथे लागायची. रेल्वे या भागात यायला अजून नव्वद वर्षं होती. त्यामुळे मुंबईला जाणारा गिरणी कामगार, गोदीतला हमाल, सुट्टीवर आलेला शिपाई आणि वर्तमानपत्राचा शिळा अंक, सगळं दासगावच्या धक्क्यावरूनच यायचं-जायचं.

महाड आणि पोलादपूर हा सह्याद्रीच्या कुशीतला मुलूख. २०२१च्या दरडीमुळे साऱ्या राज्याला ठाऊक झालेलं तळीये याच मुलखातलं. २२ जुलैच्या त्या दुपारी डोंगर कोसळला, ऐंशीहून अधिक माणसं गेली आणि पुराने रस्ते तुटल्यामुळे बचाव पथक पोचायला दुसरा दिवस उजाडला. तोवर आसपासच्या माणसांनीच हाताने माती उपसली. रस्ते, गाड्या आणि फोन असताना ही गत. शंभर वर्षांपूर्वी डोंगरातल्या एखाद्या वाडीवर काही अघटित घडलं, तर महाडचा फौजदार तिथे कधी पोचेल याचा अंदाजच केलेला बरा. आणि ती वाडी गावाबाहेरचा महारवाडा असेल, तर तो येईल का, हाच पहिला प्रश्न.

यात एक विचित्र उलटापालट होती. महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या गावाची राखण करणं हे महारांचं काम होतं. शिवेचा वाद झाला की साक्ष त्यांची, चोराचा माग काढायचा त्यांनी, सरकारी खजिन्याबरोबर चालत जायचं त्यांनी, रात्रीची गस्तही त्यांचीच. देशावर याला वतनाचा आधार होता. कोकणात खोतांचं राज्य असल्याने वतनाचं प्रस्थ कमी, राबणूक मात्र तेवढीच. ज्याच्या भरवशावर गाव झोपायचं, त्याच्या घराला मात्र कुणाची राखण नव्हती.

या भागातल्या महारांना एक बाहेरची वाट सापडली होती. लष्कर. दासगाव, महाड, दापोली, मंडणगड या पट्ट्यातली कितीतरी घरं फौजेतली. बाबासाहेबांचं आंबडवे गाव सावित्रीपलीकडच्या मंडणगडातलं, आणि त्यांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हेही पलटणीतून निवृत्त झालेले. त्यांनी १८८८ साली विटाळ विध्वंसन ही पुस्तिका लिहिली, आणि पुढे महाडच्या लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तेव्हा वरच्या जातींच्या सभासदांनी केवढा गहजब केला. इंग्रजांनी १८९०च्या दशकात महारांची भरती बंद केली, पहिल्या महायुद्धात गरज पडली तशी १९१७ मध्ये पुन्हा पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडूनही टाकली. परिणाम असा की १९२०च्या दशकात इथल्या वाड्यावस्त्यांवर दोन पिढ्यांचे निवृत्त शिपाई होते. कवायत येणारे, लिहिता-वाचता येणारे, जग पाहिलेले, आणि घरी आल्यावर पुन्हा ओढ्याचं पाणी पिणारे. मोरे वाढले ते या पेन्शनरांच्या गोष्टी ऐकत.

शाळा आणि चहाचं दुकान

अकराव्या वर्षी मोरे शिष्यवृत्तीच्या परीक्षेत उतरले आणि पास झाले. पुढचं शिक्षण महाडच्या इंग्रजी शाळेत होणार होतं. शाळेने प्रवेश नाकारला. पोराने तक्रार लिहिली, ती वर्तमानपत्रात छापून आली, आणि सरकारी अनुदानाची काळजी असलेल्या शाळेला त्याला घ्यावं लागलं. घेतलं, पण बसायची जागा वेगळी. इतरांबरोबर वर्गात नाही.

पुढे शिक्षण अर्धवट सुटलं. मुंबई-पुण्यात पडेल ती कामं करून ते महाड-दासगावकडे परत येत राहिले. या येण्या-जाण्यातून त्यांना एक गोष्ट नीट कळली. शहरातल्या वस्तीत असलेला आपला माणूस आणि डोंगरातल्या वाडीवरचा आपला माणूस यांना जोडणारा दुवा हवा.

तो दुवा महाडमध्ये सापडला आणि तो अगदी साधा होता. चहाचं दुकान. महाड ही या भागाची बाजारपेठ. कचेरी, कोर्ट, बाजार सगळं तिथे. डोंगरातून लाकडाची मोळी, गवत, कोंबड्या घेऊन दहा-पंधरा किलोमीटर चालत आलेल्या बायामाणसांना दिवसभर गावात थांबावं लागे. पण त्यांना पाणी मिळत नसे. हॉटेलात प्रवेश नाही, विहिरीवर जाता येत नाही, तळ्याचं नाव काढायचं नाही. उन्हाळ्यात या गोष्टीचा अर्थ काय होतो, हे महाडचा मे महिना अनुभवलेल्याला सांगावं लागत नाही. मोरे यांच्या खटपटीतून त्यांच्याच समाजातल्या एका माणसाने गावात दुकान थाटलं. तिथे चहा मिळायचा, पाणी मिळायचं, टेकायला बाक मिळायचा.

हे दुकान चहाचं कमी आणि बैठकीचं जास्त होतं. कुठल्या गावात खोताने कुणाला मारलं, कुणाचं गवत जाळलं, कुणाला वाट बंद केली, या बातम्या बाजारच्या दिवशी तिथे जमायच्या. ज्याला लिहिता येतं तो ज्याला येत नाही त्याच्यासाठी अर्ज लिहायचा. कुठे जाऊ नये, कुठल्या वाटेने जावं, कोणत्या अधिकाऱ्याकडे तक्रार टिकते, हे ज्ञान तिथे हातोहात फिरायचं. पोलीस चौकीने जे काम करायचं, त्यातलं बरंचसं या बाकावर बसून होत होतं. मोरे यांच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम म्हणून लोक महाडची परिषद सांगतात. पण परिषदेच्या आधीचं हे दुकान कमी महत्त्वाचं म्हणता येणार नाही. मांडव बांधायला माणसं तिथूनच मिळाली.

पाण्याचा पहिला प्रयोगही महाडच्या आधी दासगावातच झाला. रामचंद्र चांदोरकर आणि त्यांच्या सोबत्यांच्या पुढाकाराने तिथल्या क्रॉफर्ड तळ्यावर अस्पृश्य मानलेली माणसं पाणी प्यायली. मोरे या मंडळींतलेच.

मांडव पडला ती दुपार

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, शाळा, धर्मशाळा सर्वांना खुल्या, असा त्याचा आशय. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तो मान्य केला. त्यामागे सुरेंद्रनाथ तथा सुरबानाना टिपणीस होते. ठराव कागदावर राहिला. तळ्यावर कुणी गेलं नाही, कारण गेल्यावर मार बसला तर सोडवायला कोण येणार, हे ठरावात लिहिलेलं नव्हतं.

१९२४ मध्ये मोरे मुंबईला जाऊन बाबासाहेबांना भेटले आणि महाडला परिषद घ्यावी असा आग्रह धरला. बाबासाहेबांनी लगेच होकार दिला नाही. मध्ये तीन वर्षं गेली. त्या काळात गावोगाव हिंडून पैसा-पैसा गोळा करणं, कोण येईल, कुणाच्या घरी उतरेल, शिधा किती लागेल हे ठरवणं, हे काम मोरे आणि त्यांच्या सोबत्यांनी केलं. स्वागताध्यक्ष संभाजी तुकाराम गायकवाड होते. अनंतराव चित्रे, टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ही सवर्ण मंडळीही पाठीशी होती.

२० मार्चला तळ्यावरून मिरवणूक परत आली आणि गावात अफवा पसरली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. तसा कुणाचा विचारही नव्हता. पण अफवेला पाय लागतात ते खरं असण्यामुळे नव्हे. जमाव मांडवात शिरला तेव्हा बरेच लोक परतीच्या वाटेला लागले होते, काही सामान बांधत होते, काही पंगतीत बसले होते. अन्न मातीत गेलं. बाया, पोरं, म्हातारे कुणाला सोडलं नाही. गावात दोन-दोन चार-चारच्या गटांनी फिरणाऱ्यांना गल्लीबोळांत गाठून मारलं. वीसेक जण गंभीर जखमी झाले, लहानमोठ्या जखमा झालेले याहून बरेच जास्त. काही मुसलमान घरांनी दारं उघडली आणि पळणाऱ्यांना आत घेतलं.

बाबासाहेब तेव्हा डाक बंगल्यावर होते. त्यांच्याभोवती जे लोक जमले त्यांत मोठ्या संख्येने माजी शिपाई होते. युद्ध पाहिलेली माणसं. पोलीस अधिकारी बंगल्यावर येऊन बाबासाहेबांनाच म्हणू लागला की तुमची माणसं आवरा. बाबासाहेबांनी त्याला सांगितलं की माझी माणसं मी आवरतो, तुम्ही त्या दंगेखोरांना आवरा. आणि खरोखरच त्यांनी आवरलं. एक इशारा पुरेसा होता. महाड त्या दिवशी पेटलं असतं. पेटलं नाही, याचं श्रेय गावातल्या पोलिसांना देता येत नाही.

उलट मारायचं नाही, या निर्णयावर नंतर बरीच चर्चा झाली. काहींना तो भ्याडपणा वाटला. पण गणित करून पाहिलं तर त्यात शहाणपण दिसतं. महाडच्या चौकात पेन्शनर जिंकलेही असते. मग रात्री काय? परिषदेला आलेला माणूस वरंध घाटाखालच्या, पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवर एकटा परत जाणार होता, जिथे त्याची जेमतेम चार-सहा घरं. हल्लेखोरांनी गावोगाव निरोप धाडलेच होते की परिषदेहून परत येणाऱ्यांना वाटेत धरा. तसं मारलंही गेलं. एका ठिकाणची मारामारी जिंकून शंभर वाड्यांची सुरक्षितता हरवली असती.

मार खाऊन गप्प बसायचं असंही ठरलं नाही. फिर्याद झाली, साक्षीदार उभे राहिले, आणि ६ जून १९२७ रोजी नऊपैकी पाच आरोपींना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. खोताच्या गावात राहून त्याच्या माणसांविरुद्ध कोर्टात साक्ष देणं म्हणजे काय, याचा विचार केला तर ही शिक्षा लहान वाटत नाही. महाडच्या सनातन्यांनी दरम्यान पंचगव्य घातलेले १०८ घागरी पाणी तळ्यात ओतून ते शुद्ध करून घेतलं होतं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग डिसेंबरमध्ये पुन्हा महाडलाच जायचं ठरलं.

नऊ महिन्यांत काय बदललं?

मार्च आणि डिसेंबर या दोन परिषदा शेजारी-शेजारी ठेवल्या की मोरे आणि त्यांच्या सोबत्यांनी मार्चमधून काय शिकून घेतलं ते दिसतं.

मार्चमध्ये कुणी कुठे असावं याचा बंदोबस्त नव्हता. लोक गावभर विखुरलेले होते आणि म्हणूनच मार खाल्ला. डिसेंबरसाठी स्वयंसेवकांचं पथक उभं राहिलं. मुंबईच्या कामगार वस्त्यांतले तरुण आणि कोकणातले माजी शिपाई यांच्यातून आंबेडकर सेवा दल तयार झालं, त्याच्या उभारणीत मोरे होते, आणि त्यातूनच पुढे समता सैनिक दल म्हणून ओळखली गेलेली संघटना वाढली. कवायत, पाळ्या, निरोप पोचवणारे, मांडवाच्या प्रत्येक दाराशी ठरलेला माणूस. शिस्तीची जबाबदारी सुभेदार घाडगे यांच्याकडे होती. हातात काठी असायची, पण ती कधी चालवायची आणि कधी नाही, हे सांगणारा वरचा माणूसही असायचा. काठीपेक्षा महत्त्वाचं हेच होतं.

जागेचाही प्रश्न होता. महाडमध्ये कुणी जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थांनी आपली जमीन दिली. व्यापाऱ्यांनी धान्य विकायचं नाकारलं, तेव्हा दहा दिवस पुरेल एवढा शिधा बाहेरून आणून ठेवला गेला. चित्रे यांनी ती आघाडी सांभाळली. सुरक्षितता म्हणजे नुसता पहारा नव्हे, उद्याच्या तांदळाची सोय हीसुद्धा सुरक्षितताच आहे, हे या तयारीत पुरेपूर दिसतं.

२४ डिसेंबरला बाबासाहेब दोनेकशे प्रतिनिधींसह मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दासगावच्या बंदरावर उतरले. मोरे यांच्याच गावात. तिथून सगळे रांगेने चालत महाडला गेले. मोटारी न मिळाल्यास काय, वाटेत अडवलं तर काय, या शंकांना दासगावच्या वस्तीने आधीच उत्तर देऊन ठेवलं होतं. हा सारा रस्ता ओळखीच्या माणसांचा होता. त्या रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. दहा हजारांहून जास्त लोक तीन दिवस महाडमध्ये राहिले. कोर्टाचा मनाईहुकूम असल्याने तळ्यावर न जाण्याचा निर्णय झाला. लढायला आलेल्या माणसांना तो गिळायला फार जड गेला, पण तोही पाळला गेला. २७ तारखेला गावातून शिस्तीत मिरवणूक निघाली. या वेळी कुणावर हात पडला नाही.

तळ्याचा दावा कोर्टात चालत राहिला आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी तो अस्पृश्यांच्या बाजूने निकालात काढला. दहा वर्षं. न्याय मिळाला, यात शंका नाही. पण दहा वर्षांत लागणारी तहान, दहा वर्षांतल्या बाजारच्या दिवशीची भीती, ही कोर्टाच्या तारखांवर भागणारी नव्हती. ती मधली जागा मोरे यांच्यासारखे लोक भरत होते.

अशीच गोष्ट कित्येक वर्षांनी अमेरिकेच्या दक्षिणेत घडली. लुईझियाना राज्यातल्या जोन्सबरो गावात १९६४ मध्ये कृष्णवर्णीय कामगारांनी डीकन्स फॉर डिफेन्स नावाची संघटना काढली. त्यातले अनेक जण दुसरं महायुद्ध आणि कोरियाचं युद्ध लढून आलेले, आणि गावच्या कागद कारखान्यात राबणारे. नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्यांच्या घरांवर रात्री क्लू क्लक्स क्लॅनचे हल्ले व्हायचे, पोलिसांवर भरवसा नव्हता, म्हणून हे लोक आळीपाळीने पहारा द्यायचे. त्यांच्याकडे बंदुका होत्या, महाडला काठ्या होत्या. हा फरक लहान नाही. पण युद्धावर देशाच्या कामी आलेला माणूस घरी परतल्यावर स्वतःच्या आळीचा पहारेकरी होतो, हे दोन्हीकडे सारखंच.

लाल बावट्याखाली

महाडनंतर मोरे मुंबईच्या कामगार वस्तीत रमले. १९२८ मध्ये गिरण्यांचा सहा महिन्यांचा प्रचंड संप झाला. त्या वेळी एक गोष्ट सगळ्या पुढाऱ्यांना माहीत होती आणि फारच थोडे ती मोठ्याने बोलत होते. विणखात्यात दलित कामगारांना काम मिळत नसे. धोट्यात सूत ओवताना ते तोंडाने ओढावं लागे, आणि अस्पृश्याने ओढलेलं सूत इतर कामगारांना चालत नव्हतं. चांगला पगार विणखात्यातच. म्हणजे मालकाविरुद्ध एक असलेले कामगार पाण्याच्या मडक्यापाशी आणि धोट्यापाशी दोन होते.

१९३० मध्ये मोरे कम्युनिस्ट पक्षात गेले. बाबासाहेबांशी असलेला जिव्हाळा त्यामुळे तुटला नाही, पण वाट वेगळी झाली. दोन्हीकडून त्यांच्याकडे संशयाने पाहिलं जाणं स्वाभाविक होतं. आंबेडकरी कार्यकर्त्यांना लाल बावटा परका वाटायचा. पक्षातल्या अनेकांना जातीचा प्रश्न वर्गलढ्यात आपोआप सुटेल असं वाटायचं. मोरे यांना तसं वाटत नव्हतं. अस्पृश्यता आणि जात यांवर पक्षाने स्वतंत्र विचार करावा म्हणून त्यांनी १९५३ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये पक्षाला लेखी टिपणं दिली. एकच मागणी दहा-बारा वर्षांनी पुन्हा करावी लागते, यातच पहिल्या वेळी काय झालं असेल ते आलं.

दोन प्रवाह एकत्र आलेही. १० जानेवारी १९३८ रोजी खोती रद्द करा म्हणून कोकणातले शेतकरी मुंबईत कायदे मंडळावर चालून गेले, तेव्हा बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाबरोबर कम्युनिस्ट होते. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला आणि कामगार वस्त्यांत दोन्हीकडचे स्वयंसेवक एकत्र फिरले. दासगावच्या धक्क्यावर आणि परळच्या चाळीत एकाच वेळी पाय असलेल्या माणसाला हे दृश्य किती जवळचं वाटलं असेल.

समता सैनिक दल मात्र त्यांच्या पक्षाबाहेर राहून मोठं झालं. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात, मुंबईच्या चाळींत, नागपूरच्या वस्त्यांत. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलाची परिषदच भरली. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरात लाखो लोक धम्मदीक्षेला आले, तेव्हा गर्दी सांभाळणारे स्वयंसेवक याच दलाचे होते. महाडच्या मांडवात कुणी कुठे उभं राहायचं ते ठरवण्यापासून सुरू झालेली ही वाट.

अपुरं आत्मचरित्र

मोरे यांचं पुढचं आयुष्य तुरुंग, भूमिगत राहणं, संघटना आणि वर्तमानपत्रं यांत गेलं. पैसा कधीच आला नाही. १९६४ मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटल्यावर ते मार्क्सवादी पक्षाबरोबर गेले आणि त्यांच्या पुढाकाराने पक्षाचं मराठी साप्ताहिक जीवनमार्ग सुरू झालं. पहिल्या अंकाची तारीख त्यांनी १४ एप्रिल १९६५ ठरवली. बाबासाहेबांची जयंती. पक्ष बदलला तरी कॅलेंडर बदललं नव्हतं.

११ मे १९७२ रोजी त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी मुंबईतल्या तरुण दलित लेखक-कार्यकर्त्यांनी दलित पँथरची स्थापना केली. नाव घेतलं होतं ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाचं, ज्याची सुरुवात १९६६ मध्ये कृष्णवर्णीय वस्त्यांत पोलिसांच्या गाड्यांवर नजर ठेवण्यापासून झाली होती. दोनच वर्षांत, जानेवारी १९७४ मध्ये, वरळीच्या बी. डी. डी. चाळींत दंगल पेटली. पोलिसांनी दंगल आवरली की तिच्यात भाग घेतला, हा तेव्हा चाळीतला मोठा प्रश्न होता.

मोरे यांनी म्हातारपणी आत्मचरित्र लिहायला घेतलं होतं. ते पुरं झालं नाही. दासगाव, लाडवली, शाळा, पेन्शनर, चहाचं दुकान यांच्यातच ते रेंगाळतं आणि पुढचं बरंच आयुष्य राहून जातं. राहिलेला भाग त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी लिहून काढला आणि २००३ मध्ये, मोरे यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, दोन्ही मिळून एक पुस्तक झालं. २०१९ मध्ये ते इंग्रजीतही आलं.